गाडी वळवताना पुढून घरघर : ॲक्सल, बेअरिंग की आणखी काही?

वळणवाट:
नमस्कार मंडळी. माझी पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. गिअर मॅन्युअल, स्टीअरिंग इलेक्ट्रिक, रनिंग लाखाच्या पुढे गेलंय. काही आठवड्यांपासून वळणावर पुढून घरघर येते. आधी वाटलं टायर जुने झालेत किंवा रस्ता खडबडीत आहे. पण आता गुळगुळीत रस्त्यावरही येते आणि त्यात धातू घासल्यासारखी खर आहे. सरळ जाताना जवळजवळ नाहीच.

एका गराजमध्ये नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि "दोन्ही ॲक्सल गेलेत, जोडीने बदलू" असं सांगितलं. गाडी जॅकवर घेतली नाही, चाकाच्या आत बॅटरी मारूनही बघितलं नाही. ॲक्सल खरंच गेले असतील तर बदलायची माझी तयारी आहे, पण न तपासता एवढं मोठं काम कसं काढायचं? हात काळे करायची मला हौस आहे. जॅक, स्टँड आणि साधे पाने घरात आहेत. सुरुवात कुठून करू?

यंत्रवेडी:
गाडी उचलण्याआधी आवाजाची नीट चौकशी करा. अर्धं निदान चालवतानाच होतं. एवढं सांगा: आवाज सावकाश, स्टीअरिंग पूर्ण कापून फिरताना येतो, की वेगात लांबट वळण घेताना? डावीकडे वळताना, उजवीकडे, की दोन्हीकडे? गाडी उभी ठेवून नुसतं स्टीअरिंग फिरवलं तर येतो का? वळणावर ॲक्सिलरेटर सोडला किंवा क्लच दाबला तर बदलतो का? हलका ब्रेक लावला तर? आणि सलग येतो, की थांबून थांबून?

शेवटच्या प्रश्नाचं कारण सांगते. छोट्या गाडीच्या टायरचा परीघ साधारण १.८ ते २ मीटर असतो. ताशी १० किमीला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, म्हणजे चाकाचा सेकंदाला जेमतेम दीड फेरा होतो. या वेगाला खर्र… खर्र… असा सेकंदाला एक-दोनदाच आवाज आला तर चाकाच्या फेऱ्यात एकाच जागी काहीतरी घासतंय, उदाहरणार्थ ब्रेकची वाकडी डिस्क किंवा तिच्यामागचा पत्रा. त्याच वेगाला टकटकटक अशी भराभर माळ लागली तर सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या ॲक्सलच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यावर, संशय घ्या, कारण बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या, जॉइंटमध्ये सहसा सहा गोळ्या असतात आणि चाकाच्या एका फेऱ्यात त्या अनेकदा वाजू शकतात. आणि आवाज सलग असून वेगाबरोबर चढत असेल तर बेअरिंग किंवा टायर.

जुना_चालक:
वळताना आवाज म्हटलं की सीव्ही जॉइंट, हे मी इतकी वर्षं ऐकत आलोय. आमच्या आधीच्या गाडीत तेच निघालं होतं. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटला, ग्रीस उडून गेलं, आत माती शिरली आणि स्टीअरिंग पूर्ण कापून गाडी पुढे काढली की कटकटकट. जॉइंट बदलला आणि थांबलं. मेकॅनिकचा कानही अनुभवाने तयार झालेला असतो, त्याच्यावर लगेच शंका घेऊ नये असं मला वाटतं.

ग्रीसचे_हात:
काका, तुमच्या गाडीचं निदान अगदी बरोबर होतं. पण तुम्ही सांगताय ती कटकट आहे आणि धागाकर्ते सांगतायत ती घरघर. मी गराजमध्येच काम करतो. ह्या दोन आवाजांची गल्लत झाल्यामुळे चांगले ॲक्सल उतरलेले मी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्या सीव्ही जॉइंटला त्रास केव्हा होतो? तो जास्तीत जास्त वाकलेला असतो आणि त्याच वेळी त्याच्यातून ताकद जात असते तेव्हा. म्हणजे स्टीअरिंग पूर्ण कापलेलं, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर. अशा वेळी गोळ्या झिजलेल्या खाचांत आपटतात आणि कटकट ऐकू येते. क्लच दाबला की ताकद तुटते आणि आवाज एकदम कमी होतो. उलट ताशी ५०-६० च्या वेगाने लांब वळण घेताना पुढची चाकं अगदी थोडी वळलेली असतात, जॉइंट जवळपास सरळच असतो. तिथे सलग घरघर येत असेल तर बाहेरच्या जॉइंटवर माझा संशय शेवटी जाईल.

आतला जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचा, वेगळा वागतो. तो खराब झाला तर सरळ जातानाच, जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरते. वळणाशी त्याचा फारसा संबंध नाही.

बूट बघायला चाक काढायचीही गरज नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण कापा, बॅटरी घेऊन चाकामागे बघा. बूटच्या घड्या उघडतात आणि घडीच्या तळाशी असलेली चीर दिसते. बूट फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला आणि आजूबाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे दिसतीलच. बूट अखंड, ग्रीस आत आणि कटकट नाही, एवढं जमलं तर जॉइंटला हात लावू नका. बूट नुकताच फाटलाय, आवाज अजून सुरू झालेला नाही, अशा वेळी जॉइंट उघडून धुवून नवं ग्रीस आणि नवा बूट घातला तर तो वाचतो. एकदा कटकट लागली की खाचा खाल्लेल्या असतात, ग्रीस भरून त्या परत येत नाहीत.

वळणवाट:
मनापासून धन्यवाद. सकाळी रिकाम्या मैदानात आणि नंतर मोकळ्या रस्त्यावर सगळं करून बघितलं.

मैदानात पूर्ण कापून पुढे आणि रिव्हर्समध्ये गोल फिरवली, डावीकडे आणि उजवीकडे. कटकट अजिबात नाही. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवलं, शांत. रस्त्यावर ताशी ४० च्या पुढे गेल्यावर डावीकडच्या वळणाला घरघर स्पष्ट येते, उजवीकडच्या वळणाला नाहीशी होते. क्लच दाबला, न्यूट्रल केली, इंजिनचे आरपीएम खाली आले तरी आवाज तसाच. गाडीचा वेग कमी झाला की मात्र आवाज खाली उतरतो. हलक्या ब्रेकने काही फरक नाही. दोन्ही बूट अखंड आहेत, ग्रीस कुठेही उडालेलं नाही.

डावीकडे वळताना येतो म्हणजे डाव्या चाकात दोष, असं समजू का?

यंत्रवेडी:
उलट, आधी उजवं चाक बघा. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या बाजूला झुकतं आणि उजव्या चाकाच्या बेअरिंगवर भार वाढतो. खराब झालेलं बेअरिंग भाराखाली जास्त ओरडतं आणि भार उतरला की गप्प होतं. उजवीकडच्या वळणाला तुमचा आवाज जातो, कारण तेव्हा उजवं चाक हलकं होतं. बहुतेक वेळा हाच नियम लागू पडतो. पण ह्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, आणि कोणती रांग खराब आहे त्यावर क्वचित उलटही होतं. त्यामुळे ह्यावरून फक्त संशय ठरवायचा, बेअरिंग उतरवायचं नाही.

न्यूट्रलमध्ये आवाज राहिला ह्यावरून इंजिन आणि क्लच बाजूला झाले. ब्रेकने बदलला नाही, तेव्हा पॅडची शक्यता कमी झाली. आता उरले बेअरिंग आणि टायर, आणि टायर फार फसवतो. कडेने पायऱ्या-पायऱ्यांसारखा झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा गुंजतो. तळहात टायरच्या पृष्ठभागावरून आधी पुढे, मग उलटा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागला तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाजही मागे गेला तर टायर. आणखी एक खूण म्हणजे टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही.

निळी_सेडान:
मध्येच विचारतो, माफ करा. माझा आवाज वेगळा आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगची जुनी सेडान आहे. पार्किंगमध्ये सावकाश वळवताना आँऽऽ असा कण्हल्यासारखा घरघराट येतो. उभ्या गाडीतही येतो. वेगात वळताना काही नाही. हेही बेअरिंगच का?

ग्रीसचे_हात:
नाही. उभ्या गाडीत चाक फिरतच नाही, मग बेअरिंग ओरडेल कसं? तुमचा आवाज स्टीअरिंगच्या पंपाचा वाटतो. इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवरच ठेवून स्टीअरिंग फिरवा आणि कुणाला तरी बॉनेटपाशी कान द्यायला सांगा. पट्ट्यापासून हात आणि कपडे लांब ठेवा. मग इंजिन बंद करून टाकीतलं ऑइल बघा. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर गळती शोधा, नुसतं भरून सोडून देऊ नका. ऑइल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर त्यात हवा शिरली आहे. ऑइलचा प्रकार मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच घाला. काही गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालतं, काहींना अजिबात चालत नाही. आणि एक सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी: स्टीअरिंग टोकाला दाबून धरू नये. टोकाला पंपाचा दाब कमाल होतो आणि ऑइल भराभर तापतं. थोडं मागे घ्यावं, गाडी तेवढीच वळते.

रोजचा_प्रवास:
माझाही प्रश्न ह्यातच घ्या. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना मध्येच टण्ण असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो आणि स्टीअरिंगला किंचित झटका बसतो. माझं स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे ऑइलचा प्रश्न नाही.

ग्रीसचे_हात:
शॉकअपच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकलंय असं वाटतं. स्टीअरिंग फिरवलं की स्ट्रट, म्हणजे शॉकअप, आणि स्प्रिंग त्या बेअरिंगवर सहज फिरायला हवेत. ते जाम झालं की स्प्रिंगला पीळ बसतो आणि पीळ सुटला की टण्ण. दुसऱ्या कुणाला तरी स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगला बाहेरून हलका हात लावा, वेटोळ्यांच्या मधे बोटं घालू नका. झटका हाताला स्पष्ट लागतो. माउंट बदलताना स्प्रिंग दाबावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सराव नसेल तर हे काम घरी करू नका.

वळणवाट:
टायरवरून हात फिरवला, दोन्ही दिशांनी सारखेच लागतात. तरी खात्रीसाठी पुढचे-मागचे बदलून फेरी मारली. आवाज जागचा हलला नाही, पुढेच आहे. आता जॅकवर घेऊन काय काय बघायचं, क्रमाने सांगाल का?

यंत्रवेडी:
क्रमाने सांगते, पण सुरक्षेचं आधी. जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गाडी जॅकने उचला, पण उभी राहील ती स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. चाक हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमुळे, सगळा वेग त्या एकाच चाकाला मिळतो आणि गाडी स्टँडवरून हलू शकते.

आता तपासणी. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनचा सांधा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. फक्त इथेच ढिलं लागलं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, बघा.

आणि खेळ शून्य निघाला तरी बेअरिंग चांगलं आहे असं समजू नका, कारण खेळ बऱ्याचदा फार उशिरा येतो. त्याआधी गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडून आवाज सुरू झालेला असतो. तो पकडण्यासाठी गिअर न्यूट्रल ठेवून चाक एका हाताने फिरवा आणि दुसरा हात त्याच बाजूच्या स्प्रिंगवर ठेवा. कानाला ब्रेक पॅडची सळसळ ऐकू येईल, तिच्यावर जाऊ नका. हाताला काय कळतं ते महत्त्वाचं. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग मुकी राहते. खराब असेल तर वाळूवरून काही फिरवल्यासारखी बारीक खरखर बोटांत उतरते. दोन्ही बाजू तपासा, तुलना केल्याशिवाय हाताला कळत नाही.

गाडी वर घेतलीच आहे तर चाक काढून डिस्कमागचा पत्रा आणि पॅडची जाडीही बघून घ्या. पॅडचं घर्षणाचं अस्तर २-३ मिलिमीटरवर आलं असेल तर ते आताच बदला.

दोन_पाने:
ह्यात एक भर. माझ्या गाडीत वळताना भयंकर किर्रर्र आवाज यायचा, मीही बेअरिंग समजत होतो. चाक काढलं तर डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकलेला. तो पडला आणि गाडी शांत. डिस्कवर एका वर्तुळात चकचकीत ओरखडा असेल तर हे नक्की बघा. फेंडरच्या आतलं प्लास्टिक लायनर क्लिप तुटून खाली आलं तरी पूर्ण कापल्यावर टायर त्याला घासतो, तिथे प्लास्टिकवर गुळगुळीत पट्टा दिसतो. मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकणाऱ्यांनी तर आधी हेच बघावं.

वळणवाट:
केलं. १२-६ ला खेळ नाही, ९-३ ला नाही. डावीकडची स्प्रिंग एकदम शांत. उजवीकडे हात ठेवला आणि चाक फिरवलं, तर बारीक खरखर बोटांना स्पष्ट लागली. फरक इतका ठळक असेल असं वाटलं नव्हतं. खडा वगैरे काही नाही, पॅड जाड आहेत, लायनर जागेवर आहे. म्हणजे उजवं पुढचं बेअरिंग. दोन्ही ॲक्सल शाबूत आहेत आणि ते वाचले ह्याचा फार आनंद आहे.

रोजचा_प्रवास:
अभिनंदन. असं बेअरिंग घेऊन गाडी किती चालवता येते? काही लोक वर्षभर ओढतात म्हणे.

ग्रीसचे_हात:
मी किलोमीटरचा आकडा कधीच देत नाही. बारीक घरघर असलेलं बेअरिंग बराच काळ तसंच चालतं आणि एखादं फार लवकर ढासळतं. बाहेरून कोणतं कसं निघेल ते दिसत नाही. एकदा खेळ आला की हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, डुगडुगतो, डिस्क पॅडना मागे ढकलते आणि ब्रेकचं पॅडल खाली जायला लागतं. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरचं अंतर बदलून दिवा लागतो. पुढे बेअरिंग इतकं तापतं की ग्रीस जळतं, आणि शेवटच्या टप्प्यात चाक निखळण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणून निदान पक्कं झालं की लगेच काम करा, तोवर लांबचा प्रवास आणि वेग टाळा. फेरी मारून आल्यावर एका चाकाजवळ दुसऱ्यापेक्षा जास्त धग जाणवली तर तिथेच थांबा. हब आणि डिस्कला हात लावून बघू नका, भाजेल.

जुना_चालक यांनी सांगितलेल्या कटकट करणाऱ्या सीव्ही जॉइंटचंही सांगतो. तो तुटला तर गाडी जागेवर थांबते. साध्या डिफरन्शियलमध्ये सगळी ताकद तुटलेल्या बाजूला निघून जाते, दुसरं चाक ढिम्म हलत नाही. आणि अशी गाडी चढावर गिअरमध्ये टाकून उभी केली तरी गिअर तिला धरत नाही. हँडब्रेक लागतोच.

जुना_चालक:
हे शेवटचं मला माहीत नव्हतं, फार उपयोगी सांगितलंत. बेअरिंगही जोडीने बदलायचं का?

ग्रीसचे_हात:
नाही. पॅड आणि शॉकअप जोडीने बदलतात, कारण दोन्ही बाजू सारख्या वागायला हव्यात. बेअरिंग खराब आहे तेवढंच बदलायचं.

वळणवाट, तुमच्या गाडीत नट-बोल्टांनी बसणारं हब युनिट आहे की नकलमध्ये, म्हणजे हब धरणाऱ्या भागात, दाबून बसवलेलं बेअरिंग, ते आधी पार्ट नंबरवरून बघा. बोल्टवालं असेल तर घरी जमेल. दाबून बसवायचं असेल तर नकल काढून प्रेस असलेल्या गराजमध्ये न्या, हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका. नकलमध्ये बसवताना दाब बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. नंतर हब आत दाबताना आतल्या रिंगला खालून आधार द्यायचा. हे चुकलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, वाटेवर खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्याच फेरीत घरघर करतं. "नवं टाकलं तरी आवाज गेला नाही" अशा तक्रारींमागे मला हे कारण पुष्कळदा सापडलंय.

जुना हब निघताना आतली रिंग त्याच्यावर अडकून राहते. ती पुलरने काढावी आणि हबवर ओरखडे किंवा निळसर जळका रंग आहे का बघावं. असेल तर हबही नवा घ्या. सर्कलिप, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारी कडी, नवी घाला.

एबीएसचं विसरू नका. बऱ्याच बेअरिंगच्या एका तोंडाशी काळपट चुंबकीय कडं असतं, ते सेन्सरकडे यायला हवं. उलटं बसलं तर गाडी चालेल, पण एबीएसचा दिवा लागेल आणि सगळं पुन्हा काढावं लागेल. त्या तोंडाजवळ चुंबक नेऊ नका.

मधला हब नट, म्हणजे ॲक्सलचा, चाक जमिनीवर असताना फक्त थोडा सैल करून घ्या, पण तो सैल असताना गाडी ढकलू नका. बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रिंगा त्या नटाच्या ताणानेच एकत्र धरलेल्या असतात. बसवताना नट नवा घ्या आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यालाच आवळा. चाकाचे नट छोट्या गाडीत साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, हब नटाला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतात. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळणं नको.

यंत्रवेडी:
+१. नकल स्ट्रटपासून सोडवण्याआधी बोल्टांच्या जागी पेंटने खुणा करून ठेवा. काही गाड्यांत त्या भोकांमध्ये थोडी ढिलाई असते आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलतो. खुणा जुळल्या तरी काम झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या. आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

वळणवाट:
काम झालं! दाबून बसवायचंच बेअरिंग होतं. नकल मी उतरवली आणि प्रेस असलेल्या दुसऱ्या गराजमध्ये नेली. त्यांनी माझ्यासमोर नीट रिंगांवर आधार घेऊन दाबलं. जुनं बेअरिंग उघडून दाखवलं, तर बाहेरच्या रिंगेच्या एका रांगेत बऱ्याच ठिकाणी पापुद्रे निघालेले होते. नवा नट टॉर्क पान्याने आवळला. एबीएसचा दिवा नाही. वेगातल्या वळणावरची घरघर पूर्ण गेली.

पण आता एक नवीनच किरकिर लागली आहे. सावकाश डावीकडे वळताना उजव्या चाकातून बारीक, पत्र्यासारखा आवाज येतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. बेअरिंग पुन्हा बिघडलं म्हणावं तर आधीच्या आवाजाशी ह्याचं काहीच साम्य नाही.

दोन_पाने:
डिस्कमागचा पत्रा! नकल उतरवताना आणि प्रेसवर धरताना तो सहज वाकतो. सरळ जाताना केसभर अंतर राहतं आणि वळणावर भार आला की डिस्क त्याला स्पर्श करते. चाक काढा, डिस्क हाताने फिरवत पत्र्याच्या कडेने बॅटरी मारा. चकचकीत झालेली जागा दिसेल. तिथे हाताने किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरने पत्रा हळूच मागे घ्या. सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोकळा राहिला पाहिजे.

वळणवाट:
अगदी तेच निघालं, खालच्या कडेला अंगठ्याएवढा पट्टा घासून चमकत होता. पत्रा मागे घेतला, आता दोन्ही बाजूंना गाडी शांत वळते. अलाइनमेंटही करून घेतलं. पहिल्या गराजचं म्हणणं ऐकलं असतं तर दोन चांगले ॲक्सल भंगारात गेले असते आणि घरघर तशीच राहिली असती. यंत्रवेडी ताई, ग्रीसचे_हात दादा, दोन_पाने, सगळ्यांचे खूप आभार.

ग्रीसचे_हात:
छान काम केलंत. चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. चाक परत परत काढलंय, तेव्हा हे राहून जाऊ देऊ नका. निळी_सेडान, तुमच्या पंपाचं काय झालं?

निळी_सेडान:
टाकीत पातळी जेमतेम खुणेवर होती आणि ऑइल पूर्ण फेसाळ. खाली जमिनीवर मात्र एक थेंबही नाही, म्हणून गळती कुठे ते कळत नाही.

ग्रीसचे_हात:
टाकीतून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप बघा. तिथे पंप ऑइल ओढत असतो. ती जोडणी सैल असली किंवा पाइप तडकला तर ऑइल फारसं बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. बहुतेक तुमचं दुखणं तिथेच आहे.

निळी_सेडान:
बरोबर निघालं. त्या पाइपची क्लिप बोटांनी फिरत होती आणि पाइपचं टोक कडक होऊन चिरलं होतं. पाइप आणि क्लिप दोन्ही नवीन टाकले. आता हवा कशी काढायची?

ग्रीसचे_हात:
पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून घ्या. टाकी योग्य ऑइलने कमाल खुणेपर्यंत भरा. इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, टोकाला दाबू नका. पातळी खाली जाईल तसं भरत राहा, टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. टाकीत बुडबुडे येणं थांबलं की इंजिन सुरू करा, पुन्हा सावकाश फिरवा आणि पातळी बघा. तरी फेस दिसला तर इंजिन बंद करून काही तास तसंच ठेवा, बारीक बुडबुडे आपोआप वर येतात. मग पुन्हा एकदा हेच करा.

निळी_सेडान:
रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा फिरवलं. ऑइल स्वच्छ दिसतंय, पातळी स्थिर आहे आणि पार्किंगमध्ये पूर्ण कापूनही पंप कण्हत नाही.